रूथाक्कासाठी मी केलेली प्रार्थना

आमच्या मंडळीत भांडणं होत नसत. गावातले लोक कौतुकानं म्हणायचे, "किरिस्तावांचं बरंय बाबा, शिवी न्हाई की गाळ न्हाई." खरंच होतं ते. दर बुधवारी दुपारी प्रार्थना सभा भरत असताना शिवीगाळीची गरज कुणाला? हट्टा गावाच्या अलीकडे रस्त्याला लागून आमची बारा-तेरा घरांची वस्ती. पाळीपाळीनं एकेका घरी बायका जमायच्या, डोक्यावर पदर घ्यायच्या, डोळे मिटायच्या आणि एकीमागून एक मोठ्यानं प्रार्थना करायच्या. सालोमेकाकू आमची शेजारीण. तिच्या कोंबड्या आमच्या हळदीच्या वाफ्यात येऊन उकरायच्या. माझी माय तिला तोंडावर कधी चकार शब्द बोलली नाही. बुधवार आला की मात्र गळा दाटून म्हणायची, "हे प्रभू, ज्या भगिनीच्या कोंबड्या दुसऱ्याच्या रानात जातात तिच्या मनाला हात लाव." सगळ्या म्हणायच्या, "आमेन." मग सालोमेकाकूची पाळी. "हे दयाळू पित्या, ज्या घराला कुंपण घालायचा आळस आहे त्या घराला उद्योगी कर." पुन्हा "आमेन". सभा संपली की दोघी हात जोडून एकमेकींना "जय ख्रिस्त" म्हणायच्या आणि एकाच किटलीतला चहा प्यायच्या. कोंबड्या तोपर्यंत वाफ्यात.

या व्यवस्थेचा एक नियम होता. प्रार्थनेत जे बोललं ते देवाला बोललं, त्याचा जाब माणसानं विचारायचा नाही. "तू मला म्हणालीस का?" असं कुणी विचारलं असतं तर तिनं प्रार्थनेचा अपमान केला असं झालं असतं. कुठं लिहिलेला नव्हता हा नियम, पण दहा आज्ञांपेक्षा कडक पाळला जायचा. दहा आज्ञा मोडल्या तर क्षमा तरी होती. आता मंडळीचा मोबाइलवर गट आहे आणि त्यात रोज सकाळी 'प्रार्थना विनंती' येते. 'अमक्याच्या मुलाचं व्यसन सुटावं', 'तमकीच्या सुनेला सुबुद्धी यावी'. खाली जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांग लागते. माझी नात म्हणते, आजी, किती प्रेमळ लोक आहेत ना. मी म्हणते, व्हय बाई, फार प्रेमळ.

आमचं घर म्हणजे दोन खोल्या, पुढं पत्र्याचा पडवा. माय, दादा, मोठी बहीण रूथ, मी इस्तर आणि दोन धाकटे भाऊ. वडलांना आम्ही दादा म्हणायचो. दादा हळद शिजवण्यात पटाईत. हंगाम आला की भल्याभल्या शेतकऱ्यांकडून त्यांना बोलावणं यायचं. रानात चुलाण खणलेलं, त्यावर भली मोठी कढई, वर हळदीचा पाला आणि पोत्याचं झाकण. दादा कढईला कान लावल्यासारखे उकिडवे बसायचे. आत खदखद चाललेली असायची, आणि त्या आवाजावरून ते सांगायचे, "झाली. काढा." त्यांचा जोडीदार म्हणजे तांड्यावरचे गोपानाना. त्यांची बैलगाडी, दादांचा कान, असा दोघांचा वीस वर्षांचा संसार. दुपारी चुलाणाच्या कडेला दोघं एकत्र जेवायचे. नानांच्या घरची जाड बाजरीची भाकरी, आमच्या घरचा लाल मिरचीचा ठेचा, आणि कुणाच्या तरी रानातला कांदा बुक्कीनं फोडलेला. दादांच्या अंगाला बाराही महिने हळदीचा वास यायचा. देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, ते शेजारी बसले की वाटायचं, कुणाच्या तरी लग्नाला आलोय.

मायचा मान वेगळाच होता. प्रभूभोजनाच्या रविवारी मंडळीला भाकरीबरोबर वाटायचा द्राक्षरस ती करायची. आमच्या भागात द्राक्षं कुठली? काळ्या मनुका आणायच्या, भिजवायच्या, पातेल्यात उकळायच्या, कुस्करून पांढऱ्या फडक्यातून गाळायच्या. गाळून उरलेला चोथा आम्हा चौघांचा. तो चोखताना आम्हाला वाटायचं की आपण अर्ध्या वाटेवर तरी पवित्र झालो. माय म्हणायची, "हात धुवा रे मेल्यांनो, प्रभूचं हाय." तिच्या त्या बोलण्यात केवढा अभिमान असायचा! कुणाकडे देवळाची किल्ली असते, कुणाला पेटी वाजवता येते. मायला हे होतं.

आता आक्का. रूथाक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी. काळी, उंच, हसली की सगळे दात दाखवून हसणारी. दर रविवारी ती मला दोन गुडघ्यांमध्ये धरून बसवायची आणि करकचून वेण्या घालायची. इतक्या करकचून, की उपासना संपेपर्यंत माझ्या भुवया वर चढलेल्या असायच्या. पुढं उपदेश करणाऱ्या पाळकसाहेबांना वाटायचं, ही पोरगी किती लक्ष देऊन ऐकते! आम्ही दोघी एका ताटात जेवायचो. भाकरीचा पापुद्रा मला, खालची जाड बाजू तिला. असं कधी ठरलं नव्हतं, ते होतंच.

त्या वर्षी आक्का मॅट्रिक झाली आणि तिनं नर्सिंगला जायचं मनावर घेतलं. लांबच्या मिशन दवाखान्यात शिकवणी, राहणं-जेवणं तिथंच, तीन वर्षांनी पांढरा ड्रेस आणि पांढरे बूट. पण त्यासाठी पाळकाची चिठ्ठी लागायची की ही मुलगी सद्वर्तनी आहे. आणि आमच्या मंडळीतून सालाला एकाच मुलीला चिठ्ठी मिळायची. साहेब म्हणाले होते, रूथचंच नाव देतो. घरात आनंदीआनंद. माय शेजारी-पाजारी सांगत सुटली, अर्थात प्रार्थनेतूनच. "हे प्रभू, माझ्या लेकीला गर्व होऊ देऊ नको, ती आता नर्स होणार आहे."

सगळ्यांना आनंद, मला सोडून. मी चौदा वर्षांची होते, पण हिशेब मला कळत होता. आक्का गेली की उरलेल्या पाच माणसांच्या भाकऱ्या, विहिरीचं पाणी, भावांचे कपडे आणि हंगामात हळद वाळत घालणं, सगळं माझ्या गळ्यात. तिला बूट आणि मला बादली. पण खरं सांगायचं तर कामाची भीती ही वरची साल होती. आत दुसरंच होतं. माझ्या वेण्या कोण घालणार, हे तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. ती इतकी खुशीत होती की मला सोडून जायचं दुःख तिला होतच नव्हतं. ते मला सहन होईना. मी जळत होते. तेव्हा मी त्याला जळणं म्हणत नव्हते, चिंता म्हणत होते.

आणि याच दिवसांत आक्कानं मला एक गुपित सांगितलं. विहिरीवर, गुळाचा खडा हातावर ठेवून. नर्सला खेड्याखेड्यांत फिरावं लागतं, आमच्याकडे यायची ती मिशनची सिस्टर सायकलवरच यायची. म्हणून आक्का सायकल शिकत होती. गोपानानांचा मुलगा हिरामण दुपारी माळावर सायकल घेऊन यायचा, कॅरिअर धरून मागं पळायचा. "दादांना सांगू नको हां इस्तर. पोरीच्या जातीनं सायकल म्हणलं की त्यांचं डोकं फिरतंय. एकदा चिठ्ठी हाती आली की मीच चालवून दाखवते." मी गूळ खाल्ला आणि मान हलवली. एकदा लपून पाहिलंही. आक्का धडपडून पडली, गुडघा फुटला, आणि तो हिरामण बिचारा दहा हातांवर उभा राहून "लागलं का ताई, लागलं का ताई" करत होता. उचलायला हात लावायची त्याची टाप नव्हती.

पुढचा बुधवार आमच्या घरी होता. आक्का भावांना घेऊन पाण्याला गेलेली. पडव्यात सतरंजी टाकलेली, मध्ये पाळकीणबाई, भोवती बायका. पोरीबाळींनाही प्रार्थना करायची मुभा होती, आणि लहान तोंडून प्रार्थना आली की बायकांना गहिवरून यायचं. माझी पाळी आली. मी डोळे मिटले आणि म्हणाले, "हे प्रभू, माझ्या मोठ्या बहिणीला सांभाळ. ती रोज दुपारी माळाकडे जाते. तिथं तांड्याच्या हिरामणला भेटते. तिला मोहात पडू देऊ नको. आमेन."

एक शब्द खोटा नव्हता. आजही त्या चार वाक्यांतलं एकही खोटं ठरवता येणार नाही. मी फक्त सायकल वगळली होती.

त्या दिवशीचा "आमेन" किंचित उशिरा आला, पण आला तो पत्रे हलतील असा. पुढची पाळी सालोमेकाकूची. "हे प्रभू, उपवर मुलींच्या आयांना झोपेतून जागं कर." तिच्या पुढचीनं परधर्मी संगतीचा विषय घेतला. त्यानंतरचीला रडू आलं आणि तिनं 'उशीर होण्याआधी' असं काहीतरी देवाला सांगितलं. पाळकीणबाईंनी मंडळीच्या नावाला डाग न लागो असं मागितलं. शेवटच्या बाईपर्यंत जाता जाता हिरामण माझ्या बहिणीला ट्रकमध्ये घालून वारंगा फाट्याच्या पुढं घेऊन गेला होता. आणि बिचारी आक्का त्या वेळी विहिरीवर घागर घासत होती. माय नुसती "तुझी इच्छा पूर्ण होवो" एवढंच म्हणाली. नंतर तिनं सगळ्यांना चहा दिला. तिनं मला काहीही विचारलं नाही. नियम होता ना! प्रार्थनेचा जाब विचारायचा नाही. मी नामानिराळी राहून चहात पाव बुडवून खाल्ला.

शनिवारी पाळकसाहेब घरी आले. खाटेवर बसले, पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, छताकडे पाहिलं. मी चुलीपुढं भाकरी थापत होते. दादा दाराला टेकून उभे.

"रूथ," साहेब म्हणाले, "उद्या प्रभूभोजन आहे. मंडळीपुढं उभी राहा, पश्चात्ताप कर. मग चिठ्ठीचं बघू."

"कशाचा पश्चात्ताप, साहेब?"

"ते तुला माहीत आहे."

"मला न्हाई माहीत. तुमाला माहीत आसंल तर सांगा की."

साहेब अडकले. सांगावं तर प्रार्थनेतलं उघड करावं लागणार. ते एवढंच म्हणाले, "प्रार्थनेत आलं आहे."

"कोणाच्या?"

माय पदराशी चाळा करत राहिली. मी भाकरी थापतच होते, ती पार पापडाएवढी पातळ झाली. आक्कानं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. गुपित एकालाच सांगितलेलं असलं की शोधायला वेळ लागत नाही. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मी तव्याकडे.

"सायकल शिकून राहिले मी," ती साहेबांकडे वळून म्हणाली. "हिरामण शिकवतो. दुसरं काय बी न्हाई."

साहेबांना हायसं वाटायला हवं होतं. पण माणूस एकदा पापाची तयारी करून आला की त्याला रिकाम्या हातानं परत जाववत नाही. "सायकल?" ते म्हणाले. "ठीक आहे. मग सायकलीचा पश्चात्ताप कर."

"किती पायडल मारले ते बी सांगू का?"

"रूथ!" दादा ओरडले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "गोपाच्या पोराकून?" त्या घडीला त्यांना सायकलीचंही काही वाटलं नव्हतं, खरं तर. वस्तीतली बारा घरं काय म्हणतील ते त्यांच्या कानात वाजत होतं. कढईचा आवाज ओळखणारा माझा बाप, पण त्याला स्वतःच्या लेकीचा आवाज ओळखू आला नाही. त्या हंगामापासून दादा आणि गोपानाना एका चुलाणावर बसले नाहीत. नाना एकदा दारात येऊन विचारून गेले, "काय चुकलं आमचं, सांग तरी." दादांना सांगता आलं नाही. काय सांगणार? नाना म्हणाले, "बराबर हाय," आणि गाडी वळवून गेले. ते आमच्या दारात परत आले नाहीत.

रविवारी आक्का देवळात आली, मागं बसली. त्या दिवशी माझ्या वेण्या मीच घातल्या होत्या, दोन्ही दोन दिशांना. मायच्या हातचा रस त्या दिवशी नव्हता. 'घरात अशांती आहे' म्हणून पाळकीणबाईंनी ते काम सालोमेकाकूला दिलं होतं, आणि काकूनं एवढी साखर ओतली होती की पेल्यांभोवती मुंग्या लागल्या. साहेबांनी विचारलं, "कुणाला काही कबूल करायचं आहे का?" सगळ्या माना मागं वळल्या. आक्का उठली नाही.

मी उठले. माझ्या मनात खरंच होतं सांगायचं. देवाशपथ होतं. मी जळले, मी सायकल वगळली, माझी बहीण निर्दोष आहे. तीन वाक्यं. पण उभी राहिले, पन्नास डोळे बघितले, आणि तोंडातून निघालं, "मी मोठी पापी आहे. प्रभू मला क्षमा करो."

काय आनंद झाला मंडळीला! मोघम पापासारखं गोड पाप नाही. ते कुणालाच लागत नाही आणि सगळ्यांना शोभतं. "हालेलुया" झालं, साहेबांचे डोळे पाणावले, चौदा वर्षांच्या लेकराला आत्म्यानं स्पर्श केला म्हणाले. मला सोनेरी कडेचं, बायबलमधलं वचन छापलेलं एक कार्ड बक्षीस मिळालं. मी पुढं जाऊन भाकर घेतली, मुंग्या फुंकून रस घेतला. मागं वळले तेव्हा आक्काची जागा रिकामी होती.

चिठ्ठी पाळकीणबाईंच्या भाचीला मिळाली. ती सहा महिन्यांत रक्त बघून चक्कर येते म्हणून परत आली.

घरात काही मोठं घडलं नाही. आक्कानं मला मारलं नाही, शिवी दिली नाही. फक्त ताटं दोन झाली. पापुद्रा ती माझ्या ताटात टाकायची बंद झाली, आणि रविवारी मी फणी घेऊन तिच्यापुढं जाऊन बसले तर म्हणाली, "तुझं तुला येतंय आता." पुढच्या उन्हाळ्यात, नाव आणखी खराब व्हायच्या आत, तिचं लग्न लावून दिलं. कनेरगाव नाक्याजवळचं स्थळ. नवरा साधा, चांगला निघाला. तिकडं ती अंगणवाडीत लागली आणि तीस वर्षं सायकलवर फिरली, हे मी दुसऱ्यांकडून ऐकलं. आमचं येणं-जाणं कधी तुटलं नाही, हां. लग्नं झाली, मायची माती झाली, दादांची झाली, नाताळला करंज्यांचे डबे इकडून तिकडे गेले. "बरी हायेस?" "बरी हाय. तू?" "बरी हाय." पंचेचाळीस वर्षं आम्ही दोघी बऱ्या होतो.

आम्हाला शिकवलं की पाप केल्यानं माणूस देवापासून तुटतो. तुटत असेल. पण देव शोधत येतो, जोडून घेतो, त्याचा तो स्वभावच आहे. ज्याच्या ताटात आपण जेवलो ते माणूस मात्र शोधत येत नाही. ते वाट बघतं. मी आयुष्यभर देवाकडं क्षमा मागितली, अगदी रडून रडून. वरच्या साहेबाशी ओळख आहे म्हटल्यावर समोरच्या माणसाकडे कशाला जा? वेदीपाशी येण्याआधी भावाशी समेट करून ये, असं प्रभूनं स्पष्ट सांगून ठेवलंय. त्या ओळीवर मी संडे स्कूलमध्ये किती वेळा शिकवलं, विचारू नका. मुलांना पाठ करून घ्यायचे. न चुकता म्हणणाऱ्याला गोळी द्यायचे.

गेल्या हिवाळ्यात गुडघ्यांना पट्टे बांधले आणि एकटीच बसनं कनेरगाव नाक्याला गेले. आक्का ओट्यावर मेथी निवडत बसली होती. केस पांढरेशुभ्र, दात थोडे गेलेले. "एकटी कशी आलीस?" म्हणाली, पाणी दिलं. मी बसले. सवयीनं म्हणाले, "आक्का, आपण आधी प्रार्थना करू."

"नगं," ती म्हणाली. "काय आसंल ते मला सांग."

एवढ्या वर्षांत कितीदा बोलले होते मी, पण तिच्याशी नाही. "त्या बुधवारी मी जळून बोलले. तू जाशील आन मी मागं राहीन म्हणून. मला माहीत होतं की सायकल हाय. सगळं माहीत होतं."

आक्का मेथीची काडी मोडत राहिली. मग म्हणाली, "तेवढं एक मला कधी कळलं न्हाई बघ. सायकल काहून न्हाई म्हणालीस? तेवढा शब्द टाकला असता तर सगळ्या हसल्या असत्या, आन संपलं असतं."

"म्हणूनच न्हाई म्हणाले," मी म्हणाले.

तिचे हात थांबले. पहिल्यांदाच तिनं सरळ माझ्याकडं पाहिलं, त्या शनिवारी चुलीपुढं पाहिलं होतं तसं. या वेळी मी नजर खाली घातली नाही. फार जड गेलं.

"माफ करशील का गं मला?"

"पंचेचाळीस वरीस लागले तुला हे सांगाया," आक्का म्हणाली. "मला निदान सांजपर्यंत तरी येळ दे."

माझी परतीची बस साडेचारला होती. ती नाक्यावर आली, थांबली, हॉर्न वाजवून निघून गेली. आक्कानं अर्धी मेथी माझ्या पुढ्यात सरकवली आणि मी निवडायला लागले.